चित्रांतली साडी आणि अंगावरची साडी

वेषभूषेचा विचार वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत करावा कीं नाहीं, याविषयीं आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत शंका येण्याचा संभव आहे. काव्य, नाटक, चित्र हे विषय रसिकांचे आणि लुगड्यापोलक्यांचा विषय बाजाराचा, अशी वांटणी आपल्याकडे फार दिवस चालत आली आहे. ही वांटणी आम्हांस मान्य नाहीं. जुन्या कवीची कल्पना नव्या कवीनें घेतली तर ती त्यानें पचविली आहे कीं नुसती चिकटविली आहे, हें आपण ज्या कसोटीनें ठरवितों, तीच कसोटी जुन्या चित्रावरून घेतलेल्या नव्या वेषासही लागू पडते. शिवाय कविता वाचणारे थोडे असतात. वस्त्र मात्र सर्वांनाच नेसावें लागतें. तेव्हां समाजाच्या अभिरुचीची परीक्षा करावयाची असेल, तर ती ग्रंथालयापेक्षां लग्नमंडपांत अधिक चांगली होईल, असें आम्हांस वाटतें.

हा विषय आज हातीं घेण्यास कारणही तसेंच आहे. राजा रविवर्म्याच्या नायिका पदरावर छापलेल्या साड्या दुकानांतून मिळूं लागल्या आहेत. अजिंठ्याचा पद्मपाणि पोलक्याच्या पाठीवर येऊन बसला आहे. एखादा ऐतिहासिक चित्रपट निघाला, कीं पुढील लग्नसराईंत त्यांतील राणीचा वेष वधूच्या अंगावर दिसूं लागतो. कोणी यास संस्कृतीचें पुनरुज्जीवन म्हणतात, कोणी बाजाराची युक्ति म्हणून नाक मुरडतात. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं मूळ प्रश्न विचारलेलाच नाहीं. जुन्या कलेपासून नव्या वेषानें स्फूर्ति घ्यावी, यांत वाद नाहीं. प्रश्न आहे तो असा, कीं जुन्या चित्राकडून नेमकें काय घ्यावयाचें? त्याचें रूप घ्यावयाचें, कीं तें रूप ज्या नियमानें सिद्ध झालें तो नियम घ्यावयाचा?

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून प्रथम युरोपांतील तीन उदाहरणें घेऊं. कारण तेथें हा प्रयोग पुष्कळ वेळां झाला आहे आणि त्याचे परिणामही आपणांस दुरून, निर्विकार मनानें पाहतां येतात. अठराव्या शतकाच्या मध्यास इटलींत हर्क्युलेनियम व पाँपेई या गाडल्या गेलेल्या नगरांचें उत्खनन सुरू झालें आणि प्राचीन ग्रीक-रोमन कलेचें वेड साऱ्या युरोपास लागलें. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर दाव्हीदसारख्या चित्रकारांच्या चित्रांत तें वेड पूर्णत्वास गेलें. आणि पॅरिसच्या स्त्रियांनीं फुगीर झगे टाकून पांढऱ्या, पातळ, उरोजांखालीं बांधलेल्या सरळ झग्यांचा स्वीकार केला. आपण आतां ग्रीक पुतळ्यांसारख्या दिसतों असें त्यांस वाटे. या झग्यांसाठीं जी तलम मलमल लागे, तिच्यांत आपल्या बंगालची मलमल फार नांवाजलेली होती, हें आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. परंतु यांत एक गंमत झाली. ग्रीकांचे पुतळे मूळचे पांढरे नव्हते. ते रंगविलेले असत. शतकानुशतकें ऊनपाऊस व माती यांनीं रंग नाहींसे झाले आणि उरला तो पांढरा दगड. ग्रीक स्त्रियांचीं वस्त्रेंही रंगीत असत. म्हणजे पॅरिसच्या सुंदरींनीं अनुकरण केलें तें ग्रीक वेषाचें नव्हे, तर काळानें धुऊन काढलेल्या संगमरवराचें. नुसत्या रूपाच्या मागें लागलें म्हणजे असें होतें.

याच ग्रीक कलेकडे शंभर वर्षांनीं एक निराळा मनुष्य वळला. मारियानो फॉर्त्युनी हा जन्मानें स्पॅनिश, पण त्याचें आयुष्य व्हेनिसमध्यें गेलें. डेल्फी येथें १८९६ सालीं रथ हांकणाऱ्या तरुणाचा एक ब्राँझचा पुतळा सांपडला. त्याच्या अंगावरील वस्त्राच्या सरळ, खोल चुण्या खांद्यापासून पायापर्यंत उतरलेल्या आहेत. फॉर्त्युनीनें या पुतळ्याची आकृति कापडावर छापली नाहीं. त्यानें विचारलें, कीं हें वस्त्र असें पडतें कशामुळें? त्याच्या ध्यानांत आलें कीं हें वस्त्र खांद्यावरून लोंबतें, शरीरास आवळीत नाहीं, आणि त्याचें सारें सौंदर्य कापडाच्या वजनांत व चुण्यांत आहे. १९०७ च्या सुमारास त्यानें रेशमास अतिशय बारीक चुण्या पाडण्याची एक रीत बसविली, वस्त्राच्या कडांना कांचेचे लहान मणी ओवून त्यांस भार दिला, आणि 'डेल्फॉस' या नांवाचा झगा तयार केला. त्या काळीं युरोपांतील स्त्रिया हाडांच्या पट्ट्यांनीं कंबर करकचून बांधीत असत. फॉर्त्युनीच्या वस्त्राखालीं अशा बंधनाची जरूर उरली नाहीं. हा झगा पीळ देऊन सुताच्या लडीसारखा गुंडाळून ठेवीत. प्राचीन पुतळ्यानें नव्या स्त्रीला श्वास घेण्याची मोकळीक दिली, असें म्हटलें तरी चालेल.

तिसरें उदाहरण अलीकडचें आहे. १९६५ सालीं पॅरिसच्या ईव्ह सँ लोराँ यानें डच चित्रकार माँड्रियन याच्या चित्रांवरून झगे केले. माँड्रियनच्या चित्रांत काळ्या सरळ रेघा आणि लाल, निळे, पिवळे, पांढरे चौकोन एवढेंच असतें. आतां हें चित्र कापडावर छापून टाकणें अगदीं सोपें होतें, आणि त्याची नक्कल करणाऱ्या अनेकांनीं तसें केलेंही. सँ लोराँनें मात्र प्रत्येक चौकोन निराळ्या रंगाच्या लोकरी कापडाचा कापला आणि ते तुकडे एकास एक जोडून झगा उभा केला. मनुष्याचें अंग सपाट नसतें. त्यास बसेल असा झगा करावयाचा म्हणजे कोठेंतरी मुरड घालावी लागते. त्या साऱ्या मुरडी त्यानें चौकोनांच्या सांध्यांत लपविल्या. चित्रकाराची रेघ येथें शिंप्याची शिवण झाली. चित्र दिसतें तेंच, पण तें कापडाच्या कामास लावलें आहे. उसनवारी कशी करावी याचा हा वस्तुपाठ आहे.

एवढी पूर्वतयारी करून आतां आपल्या घरीं येऊं. आपल्याकडे जुन्या चित्रावरून वेष असें म्हटलें, कीं पहिलें नांव राजा रविवर्म्याचें येतें. आज साडीवर छापलीं जाणारीं बहुतेक चित्रें त्याचीं किंवा त्याच्या वळणाचीं असतात. आणि छापणारे व नेसणारे दोघेही असें समजतात, कीं आपण प्राचीन भारत अंगावर घेत आहों. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

रविवर्मा १८४८ सालीं त्रावणकोरांतील किळिमानूर येथें जन्मला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १८८८ च्या सुमारास त्यास १४ पौराणिक चित्रें काढण्याचें काम दिलें. तेव्हां त्याच्यापुढें एक अडचण उभी राहिली: दमयंती, शकुंतला, द्रौपदी यांस नेसवावयाचें काय? त्याच्या स्वतःच्या प्रांतांत स्त्रिया शुभ्र मुंडू नेसत. तो वेष साऱ्या हिंदुस्थानास आपला वाटला नसता. म्हणून पुराणकाळचा खरा वेष कोठें आढळतो काय, हें पाहण्यासाठीं तो व त्याचा भाऊ उत्तर हिंदुस्थानांत प्रवासास गेले. सर्व देशास मान्य होईल असा एकच प्राचीन वेष त्यांस मिळाला नाहीं, आणि मिळणारही नव्हता. अखेर रविवर्म्यानें आपल्या डोळ्यांपुढील साड्यांतून निवड केली; त्या निवडींत कांठपदराच्या मराठी लुगड्यास व शिवलेल्या चोळीस मोठें स्थान मिळालें. त्याच्या पुष्कळ नायिका आपल्याच आज्यापणज्यांसारख्या नेसलेल्या दिसतात त्याचें कारण हें. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत त्याचें वादक-गायक स्त्रियांचें एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यांत ११ स्त्रिया निरनिराळ्या प्रांतांच्या व समाजांच्या वेषांत एकत्र बसविल्या आहेत. 'हिंदी स्त्रीचा वेष कोणता?' हा प्रश्न त्याच्या मनांत किती घोळत होता, याची साक्ष तें चित्र देतें.

म्हणजे ज्यास आज आपण प्राचीन म्हणतों तें एका विचारी चित्रकारानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेलें संपादन आहे. यांत त्याची हेटाळणी करण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट आम्हांस असें म्हणावयाचें आहे, कीं रविवर्म्यानें योग्य तेंच केलें. जुन्याचा शोध घेतला, तें जसेंच्या तसें मिळत नाहीं हें ओळखलें, आणि जें जिवंत, नेसतें, चालतेंबोलतें होतें त्याचा आधार घेऊन नवें रूप घडविलें. त्याच्या चित्रांतील साडीस वजन आहे. ती कोठें खोचली आहे, पदर कोठून वळला आहे, निऱ्या कशा पडल्या आहेत, हें पाहणाऱ्यास कळतें. ज्यानें लुगडें नेसलेलें लक्षपूर्वक पाहिलें नाहीं, त्याच्या हातून हें होणें नाहीं.

त्याच सुमारास हाच प्रश्न एका स्त्रीनें निराळ्या रीतीनें सोडविला. सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी या १८६४ सालीं पतीबरोबर मुंबई इलाख्यांत आल्या. बंगालमधील त्या वेळची नेसण घराबाहेर वावरण्यास सोयीची नव्हती. त्यांनीं मुंबईच्या पारशी स्त्रियांची साडी पाहिली, तिच्यांत आपल्या सोयीनें फेरफार केला, आणि आंत परकर व पोलकें घालून साडी नेसण्याची ती पद्धति बंगालमध्यें नेली. आज जी गोल साडी साऱ्या देशाची म्हणून ओळखली जाते तिच्या घडणींत या प्रयोगाचा मोठा वांटा आहे. येथें चित्राचा आधार नव्हता. एका स्त्रीनें दुसऱ्या स्त्रीची नेसण पाहिली आणि गरज ओळखून ती बदलून घेतली, एवढेंच. परंतु वेष पुढें जातो तो या मार्गानें, हें विसरतां कामा नये.

रविवर्म्याचीं चित्रें राजवाड्यांत राहिलीं असतीं तर त्यांचा प्रभाव इतका पसरला नसता. १८९४ सालीं त्यानें मुंबईस शिळाछापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवली येथें नेला. तेथून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांचीं रंगीत चित्रें घरोघर गेलीं. दादासाहेब फाळके यांनींही चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं या छापखान्यासाठीं काम केलें होतें. त्यामुळें १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'नंतर आपल्या पौराणिक चित्रपटांना जें वळण लागलें, त्यांतही रविवर्म्याच्या चित्रांची छाया दिसल्यास नवल नाहीं. या छापील चित्रांचा एक विशेष उपयोग अनेक घरांतून होत असे. बायका देवीच्या चित्रावर जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवून तिला खरी साडी नेसवीत व दागिने घालीत. अशीं सजविलेलीं चित्रें अजूनही जुन्या वस्तूंच्या संग्रहांतून पाहावयास मिळतात. तेव्हांच्या स्त्रीनें चित्रास वस्त्र दिलें; आजची स्त्री वस्त्रास चित्र देते. पहिल्या कृतींत हात गुंतला होता, सुई होती, दोरा होता, भक्ति होती. दुसरींत बहुधा एक यंत्र आणि एक किंमतीची चिठ्ठी एवढेंच असतें.

रविवर्म्याच्या पाठोपाठ महाराष्ट्राच्या वेषावर ज्यांनीं अधिकार गाजविला ते बालगंधर्व होत. १९११ सालीं 'मानापमाना'त भामिनीच्या आणि १९१६ सालीं 'स्वयंवरा'त रुक्मिणीच्या भूमिकेंत त्यांस पाहून गेलेल्या घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखी साडी नेसूं लागल्या, तसा अंबाडा घालूं लागल्या, गजरा तसा माळूं लागल्या. पुरुषानें स्त्रियांस नेसावयास शिकवावें, हें ऐकणारास चमत्कारिक वाटेल. परंतु त्याचें कारण उघड आहे. बालगंधर्वांची रुक्मिणी द्वारकेच्या काळची नव्हती. ती त्यांच्या समोर बसलेल्या प्रेक्षक स्त्रियांचीच, पण त्यांच्याहून अधिक नीटस, अधिक डौलदार अशी आवृत्ति होती. लुगडें नेसून कसें उभें राहावें, पदर कसा सांवरावा, बसतांना निऱ्या कशा आवराव्या, हें त्यांनीं इतकें आत्मसात केलें होतें, कीं पाहणारीस त्यांत आपलीच शक्यता दिसे. त्यांच्या वेषांतून बायकांनीं घेतली ती वस्तु नव्हे, रीत. म्हणूनच तें अनुकरण नाटकगृहाबाहेर टिकलें.

आतां अजिंठ्याकडे वळूं. वाकाटककालीन, म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील या चित्रांचा शोध चित्रकारांना पुष्कळ आधीं लागला होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतील ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून तेरा वर्षें त्यांच्या प्रतिकृति करून घेतल्या. परंतु तेथील वस्त्रें नीट वाचणारें कोणी भेटण्यास पुष्कळ काळ जावा लागला. त्या चित्रांत पट्ट्यापट्ट्यांचीं वस्त्रें आहेत, विणण्यापूर्वीं सूत बांधून रंगविल्याचा भास व्हावा अशीं वस्त्रें आहेत, अंगाभोंवतीं गुंडाळलेलीं आणि कंबरेशीं गांठ मारलेलीं वस्त्रें आहेत. प्राचीन भारतांत शिवलेलें वस्त्रच नव्हतें, असें म्हणणारांनीं पहिल्या लेण्यांतील महाजनक जातकाचें चित्र अवश्य पाहावें. तेथील नर्तकीच्या अंगांत लांब बाह्यांची शिवलेली चोळी आहे.

हीं चित्रें नीट वाचणारी स्त्री कोल्हापूरची होती, हें सांगतांना आम्हांस अभिमान वाटतो. भानु अथैया (१९२९-२०२०) या मूळच्या राजोपाध्ये. वडील चित्रकार, स्वतः जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या. १९८३ सालीं 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल त्यांस ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणारी ती पहिली भारतीय व्यक्ति. १९६६ च्या 'आम्रपाली'साठीं त्यांनीं अजिंठ्यास जाऊन तेथील चित्रांचा अभ्यास केला होता. त्या चित्रपटांत वैजयंतीमालेच्या अंगावर जो वेष आहे, तो अजिंठ्याच्या कोणत्याही एका चित्राची नक्कल नाहीं. वस्त्र कंबरेवर कोठें धरलें जातें, अंगास कोठें लपेटतें, नाचतांना कोठें मोकळें होतें, याचा विचार करून तो बांधला आहे. तो पुढें लोकांत इतका रुळला, कीं त्या तऱ्हेचा पोषाख 'आम्रपाली' याच नांवानें ओळखला जाऊं लागला. चित्रकाराच्या डोळ्यानें पाहणें आणि शिंप्याच्या हातानें विचार करणें, हे दोन गुण एका ठिकाणीं आले म्हणजे जुन्या कलेपासून काय निर्माण होतें, याचें आपल्याकडील उत्तम उदाहरण हेंच होय.

याच भानु अथैयांनीं दोन वर्षांनीं, १९६८ च्या 'ब्रह्मचारी' चित्रपटांत, मुमताज हिच्यासाठीं आधींच शिवून तयार केलेली, चेन लावलेली साडी केली. नाचतांना ती सुटूं नये, हा उद्देश. आज बाजारांत ज्या 'शिवलेल्या' साड्या व शिवलेल्या नऊवाऱ्या मिळतात, त्यांची कुळी या जातीच्या प्रयोगांशीं जुळते. येथें आमच्या मित्रांपैकीं परंपरेचे अभिमानी एकदम क्षुब्ध होतात. नऊवारी शिवलेली? ती कसली नऊवारी? आम्ही त्यांस इतकेंच विचारतों, कीं शिवण हा दोष असेल तर अजिंठ्याची नर्तकीही दोषी ठरते. नाचणारीची गरज ओळखून शिवलेली साडी ही एका अर्थानें प्रामाणिक वस्तु आहे. दोष शिवणीचा नाहीं. दोष आहे तो शिवलेल्या वस्तूस नेसलेल्या वस्तूच्या नांवानें मिरविण्याचा, आणि त्या भरांत मूळची रीत विसरण्याचा.

ही रीत म्हणजे काय, तें थोडें सविस्तर सांगतों. नऊ वार, म्हणजे सवाआठ मीटरांच्या आसपास, एक अखंड कापड. त्यास सुई लागत नाहीं, टांचणी लागत नाहीं, आंत परकर लागत नाहीं. कंबरेशीं एक गांठ, पुढें निऱ्या, त्यांतूनच मागें खोचलेला कासोटा, आणि उरलेल्याचा पदर. कासोट्यामुळें दोन्ही पाय मोकळे राहतात. शेतांत लावणी करावयाची असो, डोंगर चढावयाचा असो, घोड्यावर बसावयाचें असो, वस्त्र आड येत नाहीं. हें वस्त्र सुंदर आहे, पण तें शोभेसाठीं जन्मलेलें नाहीं; त्याचें सौंदर्य हालचालींतून निघालें आहे.

ही कसोटी लावून आजचे प्रकार पाहिले, तर निर्णय कांहीं ठिकाणीं अनपेक्षित लागतात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेंत नऊवारी नेसून, नथ घालून, डोळ्यांवर काळा चष्मा लावून तरुण मुली मोटारसायकल चालवितात. हें पाहून कित्येक वडीलधारे हांसतात, कित्येक हळहळतात. आमच्या मतें त्या मुली लुगड्याच्या मूळ नियमाच्या फार जवळ आहेत. जें वस्त्र घोड्यासाठीं चाललें, तें फटफटीसाठीं चाललें. यांत विटंबना कसली? उलट चित्रपटांतील भव्य दिवाणखान्यांत, हातभर जरीच्या ओझ्याखालीं उभी असलेली राणी पाहिली म्हणजे आम्हांस लुगड्याची दया येते. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'मधील काशीबाई व मस्तानी यांच्या पिंग्याच्या नाचावर बरीच टीका झाली. पेशव्यांच्या घरच्या स्त्रिया अशा नाचल्या नसत्या, असा आक्षेप होता. तो आक्षेप इतिहासाच्या बाजूचा आहे आणि त्याचें उत्तर इतिहासकारांनीं द्यावें. आमचा आक्षेप वेषाच्या बाजूचा आहे. त्या चित्रपटानंतर 'पेशवाई' या नांवानें जें बाजारांत आलें, त्यांत चकचकीत कृत्रिम रेशीम, यंत्रानें लावलेला कांठ, चंद्रकोर आणि नथ एवढ्या खुणा जमल्या कीं पेशवाई झाली, असें ठरून गेलें. पॅरिसच्या पांढऱ्या मलमलीचाच हा प्रकार. फरक एवढाच, कीं त्यांस संगमरवरानें फसविलें आणि आपणांस पडद्यानें.

आमच्या महाविद्यालयांत वर्षांतून एकदां पारंपरिक वेषाचा दिवस पाळतात. त्या दिवशीं मुली हौसेनें सजून येतात आणि आम्हांसही तें पाहून आनंद होतो. परंतु दुपारपर्यंत निम्म्या मुली टांचण्यांनीं बेजार झालेल्या असतात. लुगडें नेसतां येणारी आजी घरांत असतांही तिला कोणी विचारलेलें नसतें. दुकानांतून शिवलेली नऊवारी भाड्यानें आणलेली असते. आजीच्या हातांतील विद्या आजीबरोबर जाते. रविवर्म्याचें चित्र संग्रहालयांत सुरक्षित राहील. त्यांतील नेसण मात्र कोणत्याही संग्रहालयांत ठेवतां येत नाहीं. ती एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते, किंवा जात नाहीं.

आणि येथेंच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. शिवलेलें वस्त्र एका मापाचें असतें. तें एका अंगाचें होऊन राहतें. न शिवलेलें लुगडें कोणाच्याच मापाचें नसतें, म्हणून तें सर्वांचें होतें. आईचें लुगडें सडपातळ लेकीस बसतें, तिचें स्थूल जावेस बसतें, गरोदरपणांत बसतें, म्हातारपणांत बसतें. आणि अगदींच विरलें म्हणजे त्याची गोधडी होऊन नातवाच्या अंगावर येतें. वारसा हा शब्द आपण आज फार सैलपणें वापरतों. परंतु वस्त्राच्या बाबतींत तो अक्षरशः खरा होता, कारण वस्त्र देतां येत होतें आणि घेतां येत होतें. त्यावर चित्र कोणतें आहे, यावर तें अवलंबून नव्हतें.

हीच गोष्ट पैठणीची. पैठणीच्या पदरावरील मोर, पोपट, कमळें हीं छापलेलीं नसतात, आणि भरतकामाचींही नसतात. विणकर रंगीत धाग्यांच्या लहान लहान कांड्या एकामागून एक फिरवून, आडव्या धाग्यांनींच तीं विणतो. म्हणून पदराची उलट बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ दिसते. येथें चित्र आणि कापड यांत भेदच नाहीं. चित्र काढून घेतलें तर कापडही राहणार नाहीं. पैठण हें सातवाहनांचें प्रतिष्ठान. आज या विणकामाचें मोठें केंद्र नाशिक जिल्ह्यांतील येवलें आहे. तेथील विणकर कित्येक आठवडे, कधीं कित्येक महिने, एका साडीपुढें बसतो. त्याच मोराचें छापील रूप थोडक्या पैशांत दुकानांत लोंबत असतें. छापील साडी नेसणारीस आम्ही दोष देत नाहीं. प्रत्येकीस पैठणी परवडावी असा काळ पूर्वींही नव्हता. परंतु छापील मोरास पैठणीचा वारस म्हणूं नये. तो पैठणीचें चित्र आहे, एवढेंच म्हणावें.

आमच्या या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येऊं शकतो, आणि तो टाळणें योग्य होणार नाहीं. सुशिक्षित भगिनी म्हणतील, कीं तुम्ही नेसणीच्या नियमाचे गोडवे गातां, पण त्या नियमाबरोबर दुसरेही नियम होते. नेसण्याच्या तऱ्हेवरून बाईची जात ओळखली जाई; विधवेच्या वांट्यास लाल आलवण येई; कोणी काय नेसावें हें नेसणारीखेरीज सर्व जण ठरवीत. हें सर्व खरें आहे, आणि तें गेलें याबद्दल आम्हांस यत्किंचितही खेद नाहीं. रविवर्म्याच्या रंगीत चित्रांत आलवण दिसत नाहीं, म्हणून तें नव्हतें असें होत नाहीं. जुन्या चित्रांवरून जुना काळ गोड मानणें ही त्या स्त्रियांशीं प्रतारणा होईल. परंतु यावरूनच आमचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जुन्यांतील बंधन आणि जुन्यांतील विद्या या दोन निराळ्या वस्तु आहेत. बंधन टाकून विद्या ठेवणें शक्य आहे. ज्ञानदानंदिनी देवींनीं तें केलें, फॉर्त्युनीनें तें केलें. आज आपल्याकडे पुष्कळदां उलट होत आहे: विद्या टाकून दिली जाते आणि जुन्या दिमाखाचें, जुन्या राजवाड्यांचें, जुन्या कुळांचें तेवढें चित्र अंगावर राहतें.

तेव्हां जुन्या कलेपासून वेष घेणारांस आमची विनंति एवढीच आहे. वेषभूषाकारानें अजिंठ्यास जरूर जावें, पण पद्मपाणीचा चेहरा टिपून परत येऊं नये. तेथील गांठ कोठें बसते तें पाहावें. रविवर्म्याचें चित्र पुढें ठेवावें, पण त्यानें कोणता प्रश्न सोडविला होता हेंही समजून घ्यावें. आपला प्रश्न कदाचित् निराळा असेल, आणि त्याचें उत्तरही निराळें येईल. आणि ज्या घरांत अजून नऊवारी नेसतां येणारी वडील स्त्री आहे, त्या घरांतील मुलींनीं एखाद्या दुपारीं तिच्यासमोर उभें राहून ती नेसण शिकून घ्यावी. पुढें त्यांनीं ती रोज नेसावी असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. नेसावी, बदलावी, मोडून दुसरें कांहीं करावें. पण येत असून करावें.